मोडायलाच केलेली लादी

माझी आणि अंबादासची पहिली भेट झाली, तेव्हा त्याच्या डोक्यावर माझी अंबाडी होती.

चौऱ्याहत्तर साल, सोलापुरातलं आमचं पॉलिटेक्निक. व्हरांड्यात बसून मी अंबाडीचे धागे कात्रीनं कापत होते. वाऱ्याचा झोत आला नि सगळे तुकडे टेक्स्टाइलच्या त्या पोराच्या केसांत जाऊन बसले.

"अय्यो! एवढे चांगले धागे, नि तुकडे करताय?"

"सिमेंटात घालायचेत."

"आमच्या घरी माग आहेत. धागा तुटला की आमची आई जेवत न्हाई."

"मग त्यांना इकडं आणू नका."

तो हसला... आणि मला त्याच्या केसांतले तुकडे वेचावेसे वाटले. वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. मला राग लवकरच येतो.

त्यात अप्पांनी बार्शीचं स्थळ आणलं होतं. मला पुण्याला जाऊन डिग्री करायची होती. आमचे मडिवाळप्पा सर म्हणाले, "हेमावती, अंबाडीचे तुकडे घालून लादी कर. ती किती वजनाला मोडेल ते आधी फळ्यावर लिही. बरोबर आलं, तर अप्पांशी मी बोलतो." सरांचा शब्द अप्पा कधी खाली पडू देत नसत.

तुकडे फार आखूड असले तर सिमेंटातून निसटतात, जरा लांब असले तर धरून ठेवतात. माझ्या लादीत ते चारी दिशांना विस्कटलेले असणार, असं धरूनच मी हिशेब मांडला होता. ओतायच्या दिवशी अंबादास मदतीला आला. मी सिमेंट कालवत होते, तो तुकडे पसरत होता. मध्येच बोटांना बोटं लागली— दोघंही 'सॉरी' म्हणालो, पण हात मागे घ्यायची घाई कुणीच केली नाही.

महिनाभर पाणी मारून लादी मुरली. तिच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी. उभी पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध पारडं टांगलं. फळ्यावर मी लिहिलं, बावीस किलो.

बावीस झाले. तीस झाले. पस्तिसाला मोडली.

"चुकलं," सर म्हणाले.

अंबादास मात्र टाळ्या वाजवत होता! "लई मजबूत निघाली की!"

मी मोडलेली कड उजेडात धरली. सगळे धागे पट्टीच्या लांबीला, एकाच दिशेला, तेल लावून विंचरल्यासारखे.

"हे तुम्ही केलंत?"

"गुंता बघवत न्हाई मला. हात आपोआप जातो..." त्याचा आवाज खाली आला. "आणि... तुमची लादी मोडू नये असं वाटलं."

"अहो, मोडायलाच केली होती ती!"

मी फडकं घेऊन फळ्यापाशी गेले. असं रडत कोण बसतं!

"सर, दुसरी पट्टी आडवी कापलीय. तिच्यात धागे आडवे पडणार, ते ओझं पेलणार नाहीत. मला परत लिहू द्या."

"आणि पुन्हा चुकलं तर?"

"तर बार्शी."

अंबादासचं तोंड एवढंसं झालं. नुसत्या सिमेंटाचा हिशेब धरून मी बावीस पुसलं आणि अकरा लिहिलं.

दहा झाले. सरांनी शेवटचं किलोचं वजन हळूच ठेवलं, आणि— कट्!

सरांनी चष्मा काढून पुसला. "आकडा तर आलाच. पण आधीचा का चुकला, हे तुला कळलं, ते मला जास्त आवडलं. संध्याकाळी येतो घरी. अप्पांना सांग, चहा टाका." आणि ते गेले.

आम्ही दोघंच उरलो.

"पुण्याला जाल... मी थांबेन," अंबादास म्हणाला.

"अप्पा नाही म्हणतील. तुमची आई जेवणार नाही."

"व्हय."

"तरी?"

"मला चारी दिशांना विस्कटता येत न्हाई, हेमावती. बघितलंत की तुम्ही. एकाच बाजूला, सरळ."

"आणि आडवं ओझं आलं तर?"

"तेव्हा तुम्ही धरा."

मला तो आवडत होता. फार आवडत होता. तसं मी त्याला तोंडावर सांगूनही टाकलं. त्याच्या केसांत सिमेंटचा एक कण अडकला होता. या वेळी मी हात पुढे केला आणि काढला.