वजनं खाली का येत नाहीत?

"सेलवालंच घ्या! अडकवलं की झालं काम," काका म्हणाले.

"वजनांचंच!" तिघंही एकदम ओरडली.

घड्याळवाल्याच्या काउंटरवर दोन मशीनं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक म्हणजे नुसती काळी प्लास्टिकची डबी. दुसरं पितळेचं, दातेरी चाकांचं, साखळ्यांना लावलेल्या दोन जड वजनांवर चालणारं. सुट्टी लागल्यापासून तिघांनी पॅकिंगच्या फळ्या रंधून, घासून पुरुषभर उंचीची पेटी बनवली होती. आता तिच्यात मशीन कुठलं बसवायचं, यावरून जुंपली होती. तिघं म्हणजे नाकावर राग घेऊन फिरणारी ठिणगी, खिशात टेप बाळगणारा तिचा धाकटा भाऊ मोजपट्टी आणि शेजारचा शंकासुर. आईनं जेवायला हाक मारली तरी हा विचारणार, "नक्की मलाच ना?"

घड्याळ आत्यासाठी होतं. आत्याची नजर पूर्ण गेली होती. काकांनी तिला बोलणारं घड्याळ आणून दिलं, तर तिनं ते सरळ कपड्यांच्या कपाटात कोंबलं. "मी विचारलं नसताना कुणी सांगत बसलेलं मला आवडत नाही. हाताला कळेल असं काहीतरी द्या," ती म्हणाली. म्हणून पेटीला पुढे काच नव्हती. काट्यांवरून बोट फिरवलं की वेळ कळणार. वजनं आठवडाभर हळूहळू खाली उतरणार. ती कुठवर आली ते चाचपलं की वार कळणार. रविवारी साखळी ओढून आत्या स्वतः ती वर घेणार.

"सेलवाल्याची वजनं नुसती शोभेची असतात, काका. ती हलतच नाहीत!" ठिणगीनं बजावलं.

"बरं बाई, वजनांचं तर वजनांचं! उद्या सोमवारी बसवून घेतो."

सोमवारी मुलं वार्निश आणायला गेली आणि परत येऊन बघतात तर घड्याळ चालू! लंबक झुलत होता, टोले पडत होते.

"आम्ही नसताना बसवलंत?" ठिणगी फणफणली. पण आत्या इतकी खूश होती की ठिणगीनं राग गिळला. तिथंच चुकलं.

शुक्रवारी सकाळी आत्या घड्याळापुढे नुसती उभी होती. हात वजनावर.

"आज वार कोणता गं?"

"शुक्रवार."

"शुक्रवार?" आत्यानं पुन्हा चाचपलं. "मला तर सोमवारच लागतोय. डोळे गेले, ते सोसलं. आता हातही खोटं सांगायला लागले वाटतं."

ती खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्याचे हात नाही, हे घड्याळ खोटं बोलतंय!" तिनं लंबक घट्ट धरला. खरं मशीन असतं तर थांबलं असतं. पण मिनिटकाटा मजेत पुढे सरकला!

"हे आपलंच घड्याळ ना?" शंकासुरानं विचारलं.

मोजपट्टीनं वजन उचलायला दोन्ही हातांनी जोर लावला आणि ते खाडकन त्याच्याच कपाळावर आदळलं. आतून पोकळ! तबकडीचे स्क्रू काढले, तर मागे तीच काळी डबी आणि तिच्यात एक सेल.

"चला दुकानात! आज मी त्याला सोडणार नाही!"

"थांब," शंकासुर म्हणाला. "तू ओरडशील आणि तो म्हणेल, पोरांनीच मशीन बदललं. मग? आधी त्याच्याच तोंडून वदवून घेऊ."

अकराला थोडा वेळ असताना तिघं दुकानात शिरली. मोजपट्टीच्या खांद्याला फुगलेली पिशवी होती. समोरच एका चकचकीत पेटीत त्यांनी निवडलेलं पितळी मशीन ऐटीत चाललं होतं, आणि एक चष्मेवाल्या बाई ते निरखून बघत होत्या.

"अहो, आमच्याकडे कुठलं मशीन बसवलंत?" ठिणगीनं कसाबसा आवाज गोड केला.

"वजनांचं! अस्सल!" घड्याळवाला म्हणाला.

"वजनं काढली तर चालेल?"

"छे! काटा तसूभर हलायचा नाही."

"नक्की?" शंकासुरानं विचारलं.

"अरे, चाललं तर दुकान बंद करीन!"

मोजपट्टीनं पिशवीतून तबकडी काढून काउंटरवर ठेवली. ना वजनं, ना लंबक. तरी काटे चालूच! आणि तेवढ्यात टण! टण! टण! घड्याळवाल्यानं झडप घालून ती दाबून धरली, पण त्याच्या हाताखालीही ती अकरा टोले देऊनच थांबली.

"करा दुकान बंद!" ठिणगी कडाडली. "पैसे पितळीचे घेतलेत आणि तेच पुन्हा विकायला ठेवलंत!"

"माझ्यावर काय ओरडतेस? काकांना विचार तुझ्या! मी म्हटलं, पितळी बसवायला अर्धा दिवस जाईल. तर ते म्हणाले, तिला दिसतंय कुठे, लवकर होईल ते बसवा!"

ठिणगीचे कान तापले. लबाडी घड्याळवाल्याची होती, पण ते वाक्य तिच्याच घरातलं होतं.

"मला इथलं काही नको," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "हे मशीन काढा आणि आत्ताच्या आत्ता या मुलांच्या घरी जाऊन बसवा. तुम्ही निघेपर्यंत मी इथून हलणार नाही. शाब्बास गं पोरी!"

या वेळी तिघं शेवटचा स्क्रू बसेपर्यंत पहारा देत उभी राहिली. आत्याला त्यांनी सगळं सांगितलं, काकांचं वाक्यसुद्धा. संध्याकाळी काका आले आणि घड्याळवाल्याची फजिती ऐकून खूश झाले.

"शाब्बास रे पठ्ठ्यांनो! पकडलंत की नाही चोराला!"

"तुमची शाब्बासकी नको आम्हाला!" ठिणगी उसळली. "आत्याला वाटलं, तिचे हात गेले! आणि तुम्ही म्हणालात, तिला दिसतंय कुठे!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "घाईत होतो, ताई. चुकलं माझं," ते पुटपुटले.

आत्या वजनावर हात ठेवून उभी होती. "कुणाशी बोलतोयस?"

"तुझ्याशीच."

"मग आवाज जमिनीवरून का येतोय? मला दिसत नाही, म्हणून मान खाली घालून माफी मागतोस होय? वर बघ. माझ्या तोंडाकडे बघून बोल."

काकांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"चुकलं माझं, ताई."

"हं," आत्या म्हणाली. "आता ऐकू आलं."