आईच्या गाडीतला चोर

"मिस्त्रीकाका उद्या गाडी भंगारात नेणार!" दादाने जिन्यातूनच बोंब ठोकली. "आणि बाबा चक्क हो म्हणाले!"

टिकलीच्या हातातला घास ताटात पडला.

गाडी आईची होती. तिने ती जुनीच घेतली होती. आई जाऊन सात महिने झाले, आणि तेव्हापासून गाडीनेही अंग टाकलं होतं. संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी सकाळी ठार, आणि रिव्हर्स गिअर तर पडायचं नावच घेईना! मिस्त्रींनी तीनदा बॉनेट उघडलं, चारदा चहा घेतला आणि निदान केलं, "वय झालं." हे निदान कुठल्याही गाडीला चालतं.

"बॅटरी कोणीतरी पितंय," दादा म्हणाला.

"सरबत आहे का ते?"

"आज दुपारीच चार्ज केलीय. पहारा ठेवू!"

दिवेलागणीला दोघं पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले. कोणीतरी आलं. गाडीवरची खोळ उचलली, दार उघडलं, आतला दिवा लावला.

"चोर!" दादा कुजबुजला.

चोराच्या पायात बाबांच्या चपला होत्या. चपलांवर बाबाच होते.

ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. गाडी नेहमी आईच चालवायची. बाबांची जागा ती. रिकाम्या स्टिअरिंगकडे बघून ते हळूहळू काहीतरी सांगत राहिले. मग डोळे पुसून उतरले, खोळ ओढली आणि गेले. दिवा खोळीखाली तसाच जळत राहिला.

टिकलीला "सापडला!" असं ओरडायचं होतं. तिने तोंडावर हात ठेवला.

दादाने आत शिरून दिवा बंद केला. टिकलीने गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर उचललं. तिथवर मिस्त्रींचा हात कधी पोचलाच नव्हता. आत काहीतरी घट्ट अडकलं होतं. ओढून काढलं, तर खोडरबर! कोपरा चावलेला. तिसरीत हरवलेला, तिचाच!

"आईने घेतला होता! मी दोन दिवस रडले, आणि ती म्हणाली, मला काय माहीत!"

"दांडा खडखडायचा ना, म्हणून पाचर मारली असेल. मग ती घसरून आत गेली, आणि रिव्हर्स अडला."

टिकली पुन्हा रडली. या वेळी खोडरबरासाठी नाही.

सकाळी मिस्त्री दोर घेऊन हजर!

"काका, एकदा चालू तर करून बघा," दादा म्हणाला.

किल्ली फिरली आणि गाडी गुरगुरली! रिव्हर्सही पडला! मिस्त्रींच्या हातातला दोर खाली पडला.

"मग बॅटरी कोण खात होतं रे?"

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चपलांकडे.

"डिकीचा दिवा चालू राहत होता," टिकली म्हणाली. एरवी ती खोटं बोलत नसे. निदान इतकं चांगलं तरी नाही.

"शाबास! माझ्या गॅरेजात या दोघं, मी सुटी घेतो!"

बाबांचा हात टिकलीच्या डोक्यावर बराच वेळ राहिला.

संध्याकाळी खोळ पुन्हा उचलली गेली. टिकलीने खिडकीतून टॉर्च आत दिला.

"बाबा, दिवा नको. हा घ्या."

बाबांनी टॉर्च घेतला. "मागे बसा दोघं."

दोघं बसले. स्टिअरिंगमागची सीट रिकामीच होती.

"रिव्हर्स पडतो आता," टिकलीने त्या सीटला सांगितलं.