गोटीचा डावा पाय

वेदनासेतूचं कडं मनगटात चढवलं की बहुतेक मालक आधी कण्हतात. श्रीरंग उकिडवे मात्र स्वस्थ बसून राहिले. त्यांना काही दुखतच नव्हतं.

"बिघडलंय का हे?" त्यांनी विचारलं.

डॉ. रेश्मा तांबोळी समोरच्या काचेच्या हौदाकडे बघत होत्या. कोमट पाण्यात, तळाच्या सरकत्या पट्ट्यावर, उकिडव्यांची कुत्री गोटी तीन पायांवर चालत होती. मागचा डावा पाय वर. गाडीच्या धडकेत मोडलेलं हाड केव्हाच जुळलं होतं. लेझरचा शेक, सुया, मालीश, सगळं करून झालं, तरी गोटी पाय टेकत नव्हती.

मुक्या जनावराला दुखणं सांगता येत नाही, म्हणून तर वेदनासेतू आला. गळपट्ट्यातला संवेदक कुत्र्याच्या मज्जातंतूंतले संदेश टिपायचा आणि सौम्य करून कड्यावाटे मालकाच्या शरीरात उमटवायचा. कुत्र्याचा गुडघा ठणकला की माणसाचा ठणके. नाशिकच्या या प्राण्यांच्या केंद्रात आता अंदाजाने उपचार होत नसत.

"कडं ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पाय दुखत नाहीये तिचा. घरी घालून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कडं हातात असतानाच, बऱ्याच दिवसांनी ऑफिसला निघावं म्हणून श्रीरंगनी गाडीची किल्ली उचलली आणि त्यांची छाती एकदम आवळली. घाम फुटला. घाबरून त्यांनी डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"किल्ली खाली ठेवा बरं," त्या म्हणाल्या.

ठेवली. छाती हळूहळू सैल झाली. गोटी दाराशी पाय उचलून उभी होती.

"अपघाताआधी ती दिवसभर कुठे असायची?"

गोटी आपली लेकच आहे, असं श्रीरंग चारचौघांत सांगत. "गॅलरीत. पाणी ठेवून जायचो."

"आणि पाय मोडल्यावर?"

"घरूनच काम करतोय. तिचा पाय मांडीवर घेऊन बसतो."

"ती नाटक करत नाहीये, उकिडवे. तुमची छाती आवळली ती तिच्या भीतीने. पाय उचलला की तुम्ही थांबता, एवढंच तिला कळलंय."

"मग आता औषध काय?"

"औषध नाही. तिला एकटं ठेवू नका. पायाचं दुखणं मालक हौसेनं सोसतात हो. हे असलं कळलं की बरेच जण कडं परत करतात."

श्रीरंगना स्वतःचीच लाज वाटली. ते गोटीजवळ बसले, तिच्या कानामागे खाजवलं. पण साडेदहाची बैठक टाळण्यासारखी नव्हती. त्यांनी कडं काढून टेबलावर ठेवलं. छाती लगेच मोकळी झाली. मग तिच्याकडे न बघता त्यांनी तिला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

लिफ्टमध्ये शेजारच्या पाठारेबाई भेटल्या. "गोटी कशी आहे हो?"

"डॉक्टर म्हणाल्या, पाय दुखत नाही तिचा."

"चला, बरं झालं. किती करता तुम्ही तिचं."

श्रीरंग खाली बुटांकडे बघत राहिले.