परतीची नळी

टाकीपासून इंजिनापर्यंत एकूण तेरा जोड होते. त्यांतले अकरा चालू होते आणि दोन मेलेले. मेलेले म्हणजे परतीच्या नळीची दोन टोकं. गाडी चाळीस वर्षांपूर्वीची, मूळची फ्युएल इंजेक्शनची. तिचा जुना पंप इंजिनाकडे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल रेटायचा आणि उरलेलं दुसऱ्या नळीने टाकीकडे परत यायचं. इंजेक्शन काढून दोन कार्ब्युरेटर बसवले, साधा कमी दाबाचा पंप लावला, की परत पाठवायला काही उरत नाही. मग ती नळी गाडीच्या पोटाखाली तशीच ठेवून दोन्ही टोकांना पितळी बुचं मारायची. सगळे असंच करतात. गॅरेजच्या मिस्त्रीच्या भाचीनेही तेच केलं होतं, फक्त सगळ्यांपेक्षा नीट.

आणि आता गाडी गळते म्हणून परत आली होती.

"मागच्या सीटवर वास येतो," डॉक्टर म्हणाले. गाडी त्यांची. ते दंतवैद्य होते आणि समोरच्याने तोंड उघडून गप्प बसावं अशा सुरात बोलायचे. "पोरीच्या हातात एवढी गाडी दिलीत, मिस्त्री, तिथेच चुकलं. जुन्या गाड्यांच्या आमच्या मंडळात काय सांगू मी?"

"बघतो ना साहेब. नव्याने करून देतो." मामाने हात पुसता पुसता भाचीकडे पाहिलं. "माफी माग आणि विषय मिटव."

"चूक काय ते कळू दे, मग मागते."

"मोजपट्टी, जीभ आवर."

गॅरेजमध्ये तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती मामाच्या हाताखाली आली होती. दोन वर्षं नटबोल्ट धुतल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलं पूर्ण काम. प्रत्येक जोड तिने स्वतः आवळला होता, साबणाचं पाणी लावून एकही बुडबुडा येत नाही हे पाहिलं होतं. आणि हा माणूस गाडीखाली न वाकता सांगत होता, गळते!

मामाने तिला बाजूला घेतलं. "हे बघ, या मंडळाच्या गाड्यांवर आपलं घर चालतं. आज गळती निघाली, तर उद्यापासून तू पुढच्या खोलीत बसून फोन घ्यायचे. इंजिनाला हात लावायचा नाही. माझ्या बहिणीची पोर असलीस तरी."

"आणि नाही निघाली तर?"

मामा गाडीकडे वळला.

डॉक्टरांच्या पत्नी दाराजवळ स्टुलावर बसल्या होत्या. आल्यापासून गाडीकडे त्यांची पाठ होती. भाची कागद आणायला जवळून गेली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "वासाचं हे सांगतात. मला आवाज येतो."

"कसला?"

"घोट घेतल्यासारखा. हे काम झाल्या दिवसापासून."

गाडी वर चढवली. खाली फरशीभर पांढरा कागद पसरला. अकरा चालू जोडांवर तिने एकेक करून कोरडी बोटं फिरवली आणि मामाच्या नाकासमोर धरली. काही नाही. अर्ध्या तासाने कागदावरही डाग नव्हता.

"मग ती बंद नळी असणार," डॉक्टर म्हणाले.

"रिकामी नळी काय गळणार?" भाचीचा आवाज चढला. "कपाळ?"

"अगं," मामा घाईने म्हणाला, "काढूनच टाकू ती. दाढ उपटल्यासारखी."

"डॉक्टर न बघता दाढा उपटतात का, विचारा की."

बाईंना हसू आलं. डॉक्टरांना आलं नाही. "बघा तर मग," ते म्हणाले.

तिने दोन्ही बुचं काढली. पुढून हवा फुंकली, ती मागून सरळ बाहेर आली. म्हणजे नळी मोकळी होती. लांबी चार मीटर, आतला व्यास आठ मिलिमीटर. आत मावणार दोनशे मिलिलिटर, थेंबभर इकडे तिकडे. मागच्या टोकाखाली डबा ठेवून तिने पुढच्या टोकाला फनेल लावलं आणि रॉकेल ओतायला घेतलं. दोनशे झालं की मागून धार लागेल, तेव्हा तिथे बूच मारायचं, मग दाब देऊन जोड तपासायचे.

दोनशे झालं. धार लागली नाही.

पाचशे झालं.

"मामा, डबा बघा."

"कोरडा आहे."

लिटर संपलं. तिने कॅन तिरका करून दुसरं लिटर ओतलं. फनेल भरायचं आणि रिकामं व्हायचं. एका लयीत, मध्ये जरा थांबून, पुन्हा.

"बघा! जातंय की नाही?" डॉक्टर म्हणाले.

"कुठे जातंय? दाखवा ना, कुठे जातंय!" ती ओरडली. कागद पांढराच होता. मामाने आतले गालिचे उचलले, सीट उपसल्या, डिकी उघडली. सगळं कोरडं. रॉकेलचा वाससुद्धा येत नव्हता.

तिला भीती नाही वाटली, राग आला. दोन वर्षं खपून शिकलेलं काम, त्याआधीची तीन वर्षं शिकलेलं विज्ञान, आणि हा लोखंडाचा चार मीटरचा तुकडा साधं घनफळ पाळत नव्हता.

तिसरं लिटर संपताना आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. डॉक्टरांनी खिशातून काढलेली किल्ली पुन्हा खिशात टाकली.

"हाच," बाई म्हणाल्या.

भाचीने मागचं टोक बूच लावून आवळलं. पुढे हातपंप आणि दाबाचं घड्याळ जोडलं. काटा तीस पौंडांवर नेला, जिथे ही नळी कधी काळी काम करत होती त्याच्याही बराच वर, आणि हात सोडला.

काटा तीसवर राहिला.

त्यांनी वाट पाहिली. मामाने काचेवर टिचकी मारली. काटा केसभरही हलला नाही.

"बघितलंत?" तिने घड्याळ डॉक्टरांकडे वळवलं. "एक जोड गळत नाही. एकही नाही. मंडळात हेही सांगा."

डॉक्टरांनी वाकून काटा पाहिला. "सांगतो," ते म्हणाले. "तुमचं काम पक्कं आहे. पण ही नळी काढा. आत्ता."

मामाने भिंतीवरून पाना उचलला आणि भाचीच्या हातात दिला. पुढच्या खोलीचा विषय तिथेच संपला.

नळी काढायची तर आधी ती रिकामी करायला हवी. तिने दाब सोडला, गाडीखाली जाऊन डबा धरला आणि आधारासाठी डाव्या हाताने नळी पकडली.

हात तिने लगेच काढून घेतला. नळी अंगासारखी कोमट होती.

"काय गं?"

"काही नाही."

तिने बूच सोडवलं. धार आली. रॉकेल निळं होतं, हे निळं नव्हतं. पेट्रोलसारखं पिवळटही नव्हतं. त्याला कसलाच वास नव्हता. डबा अर्धा भरला आणि धार आपणहून थांबली.

"पाणी असेल," मामा म्हणाला. "साचलेलं."

बाई स्टुलावरून उठून बाहेर गेल्या.

भाचीने खणातून तापमापक काढला. आधी तो हवेत धरला. शेडमध्ये एकोणीस अंश होते. मग तिने तो डब्यात बुडवला, पारा ठरेपर्यंत थांबली आणि डोळ्यांच्या रेषेत आणून वाचला.

सदतीस.