पहाऱ्यावरची

गुहागर तालुक्यातल्या एका गावात, खाडीवर उतरणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी काळ्या दगडाचा वीरगळ आहे. वीरगळावर एरवी लढताना पडलेला पुरुष कोरलेला असतो. ह्याच्यावर तलवार घेऊन बाई उभी आहे. चारपाचशे वर्षांपूर्वी गावचे पुरुष मचव्यांवरून समुद्रात गेलेले असताना खाडीतून लुटारू आले. तिने तीन दिवस ही वाट एकटीने अडवली. तिच्या जागी उभं राहायला कुणी आलंच नाही. तिचं नावही गावाने जपलं नाही, पण तिला पहाऱ्यावरून घटकाभर सोडवायची पाळी सुनांनी मात्र मोडली नाही.

दर अमावस्येला भर दुपारी एका घरची सून तिथे जाते, म्हणते, "मी आल्ये, तू बस." घटकाभर उभी राहते. निघताना म्हणायचं, "मी जात्ये, तू ऊठ." एवढंच.

निशिगंधा शेतीची पदवीधर. हा सगळा खुळेपणा, असं तिचं मत. पण सासूशी वाद घालण्यापेक्षा उन्हात उभं राहणं सोपं. त्या दुपारी ती उभी असतानाच दापोलीहून तिच्या आईचा फोन आला. आजोळी गेलेली चार वर्षांची सानवी तापाने फणफणली होती, आई हवी म्हणून रडत होती. फाट्यावर एसटी लागलेली दिसली. निशिगंधा जी धावली ती थेट गाडीत.

धोपाव्याला फेरीबोट सुटायच्या बेतात होती, तेव्हा सासूचा, गंगुबाईंचा फोन आला.

"निघताना बोललीस ना गो?"

"विसरल्ये."

गंगुबाई हळूच म्हणाल्या, "मी पाखाडीवरच हाय. दगडावरची बाई बसल्येय. हातात तलवार नाय. मी सांगून बघितला, उठत नाय ती. परत ये बाय, आत्ताच्या आत्ता."

उन्हात म्हातारीला नीट दिसत नसेल, असं निशिगंधाने स्वतःला बजावलं. आणि दिसत असलं तरी? तिकडे लेकरू तापलं होतं. ती बोटीत चढली.

दाभोळला उतरेपर्यंत तिची उजवी मूठ आवळली गेली होती. पुढच्या गाडीत जागा होती, पण तिला बसावंसंच वाटेना. कंडक्टरने दोनदा सांगून पाहिलं.

माहेरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. आजीच्या कडेवर सानवी. ताप उतरला होता.

"आई आली!" सानवी खाली उतरून अनवाणीच धावत सुटली.

निशिगंधा फाटकात पाय रोवून उभी राहिली.

तिने मूठ आवळलेला उजवा हात आडवा धरला.

"तिथंच थांब. कुणाची तू?"

सानवीला वाटलं, हा खेळच. ती हसत आणखी एक पाऊल पुढे आली.