नाव न सांगता आलेला फोन

“नाव न सांगता फोन केला तर चालतो का?”

बाईचा आवाज. दबका, घाबरलेला. पोलीस मदतीच्या एकशे बारावरच्या ताईंनी शांतपणे सांगितलं, “चालतो. काय झालंय?”

मग शब्द आले, “मी पुष्पावती बोलतीय. बोरटेकला. मी हिरीत हाय. मला वर काढा.”

“कुठली विहीर? काही खूण सांगा.”

“शेंदराचा देव हाय न्हवं, त्याच्या मागची.”

फोन बंद.

फौजदार यामिनी वाकचौरेनं रेकॉर्डिंग थांबवलं. समोर हवालदार गोरक्षनाथ ढोकणे उभे होते. त्यांनी खिशातून अंगाऱ्याची पुडी काढली होती आणि बोट कपाळापर्यंत नेलं होतं.

“ढोकणे, पोलीस आहात ना तुम्ही?”

“पोलीस आहे म्हणूनच लावतोय, मॅडम. बाई बेपत्ता होऊन आठवडा झाला. फोन आलाय काल दुपारी. आठवडाभर विहिरीत राहून कुणी फोन करतं व्हय?”

पुष्पावती पाथर्डीकडची. नवऱ्यानं टाकलेली. राहुरीच्या अलीकडे बोरटेकला आबासाहेबांच्या उसात तिची ऊसतोडीची टोळी उतरली होती. एका सकाळी ती कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, दिसली नाही. टोळीचा मुकादम म्हणाला, ट्रकवाल्याबरोबर पळाली. तिचा धाकटा भाऊ अमृत श्रीरामपूरकडे ऊस तोडत होता. तो मात्र कामधंदा सोडून रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा.

आणि फोन कुठून आला होता? इथं यामिनीच्याही अंगावर काटा आला होता.

फोनमध्ये सिमकार्डच नव्हतं. सिम नसलं तरी एकशे बारा लागू शकतो, पण पलीकडे धड नंबर उमटत नाही, उलटा फोन करता येत नाही. तरी प्रत्येक मोबाईलला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. सिम काढून फेका, तो क्रमांक हटत नाही. अमृतनं बहिणीच्या मोबाईलचं रिकामं खोकं आणून दिलं होतं. त्यावरचा क्रमांक आणि हा क्रमांक एकच निघाला.

पुष्पावतीच्या नावानं, पुष्पावतीच्याच मोबाईलवरून.

“सिमची गोष्ट ठाण्याबाहेर गेली तर तुमचं माझं वाजेल,” यामिनीनं बजावलं.

“माझी अळीमिळी गुपचिळी,” ढोकणे म्हणाले.

शेंदराचा देव म्हटल्यावर ढोकण्यांनी काल जीप सरळ म्हसोबाकडे नेली होती. ओढ्याकाठी शेंदूर फासलेला दगड, मागे जुनी विहीर. गळ टाकले, माणूस उतरवला. चिखल आणि एक फुटकी कळशी, बाकी काही नाही.

आज सकाळी पुन्हा फोन. “तुमी भलतीच हिर बघितली. मी अजून पान्यातच हाय.”

एव्हाना गावभर झालंच. बोरटेकच्या बायकांनी विहिरीवर धुणं न्यायचं सोडलं. उसात वारा शिरला तरी माणसं दचकत. अमृतला आवाज ऐकवला, तर पोरगा ओंजळीत तोंड लपवून रडला. “ताईच हाय. जित्ती हाय माझी ताई.”

खालच्या आवाजात बोललेली बाई ओळखू येते थोडीच? पण हे त्याला कोण सांगणार. त्यालाच घेऊन यामिनी बोरटेकला निघाली.

वाटेत तिनं विचारलं, “तुझी बहीण देवाधर्माची होती का रे?”

“लई. उठता-बसता ‘मारुतीराया’ म्हनायची. शनिवार कवा चुकवला न्हाई तिनं.”



टोळी दुपारच्या भाकरीला आली होती. मुकादमाच्या कोपीत पाच-सहा बायका बसल्या होत्या, आतून मोबाईलवरचं गाणं ऐकू येत होतं. जीप बघताच मुकादम खाकरला. गाणं बंद झालं.

“पुष्पावतीला शेवटचं कधी पाहिलं?” यामिनीनं विचारलं.

“सांजच्याला. भाकरी थापत हुती.”

“नंतर?”

“नंतर काय? सकाळी न्हाई. असल्या बायांचं काय खरं असतंय?”

“तिचा मोबाईल?”

“गेली आसंल घिऊन. मी न्हाई बघितला.”

“ट्रक कुणाचा होता?”

“मी काय नंबर लिहून ठेवतो व्हय?” मुकादम हसला. त्याचे दोन भाऊही हसले. दोघांच्या हातात कोयते होते.

तेवढ्यात शेताचे मालक आबासाहेब मोटारसायकलवरून आले आणि मुकादमाला म्हणाले, “अरे मारुत्या, मॅडम उन्हात उभ्या हायेत! चहा सांग की घरात.”

मुकादमाची बायको इंदू चहा घेऊन आली. चाळिशीची, डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. कप देताना अर्धा चहा बशीत सांडला.

“पाणी कुठून आणता हो तुम्ही?” यामिनीनं बायकांना विचारलं.

“आदी मारुतीच्या देवळामागच्या हिरीवरनं आनायचो,” एक म्हातारी बोलली. “आता मुकादम म्हनत्यात ते पानी खराब हाय. आता टँकरचं.”

इंदू खाली बघत उभी होती. यामिनीनं तिच्याकडे सहज वळून विचारलं, “देऊळ लांब आहे का?”

“न्हाई. ते काय, शेंदरी कळस दिसतोय,” इंदू म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

यामिनीनं चहा संपवला. मग जीपजवळ जाऊन ढोकण्यांना म्हणाली, “मारुतीच्या देवळामागची विहीर बघा. आत्ता.”

“पण मॅडम, कशावरनं?”

“नंतर सांगते.”

ऊन उतरायच्या आत पुष्पावती वर आली. गाडीच्या दोरानं कमरेला धोंडा बांधलेला. सरकारी डॉक्टरांनी तिथंच पाहून सांगितलं, डोक्यात मागून घाव आहे आणि बाई बेपत्ता झाली त्याच दिवशी मेलेली आहे.

अख्खी टोळी देवळापुढे गोळा झाली होती. म्हातारीनं हात जोडून विहिरीकडे पाठ केली. अमृत बहिणीच्या पायाशी बसून होता.

“मुकादम,” यामिनी म्हणाली, “पुष्पावतीचा मोबाईल तुम्ही पाहिला नाही म्हणालात.”

“न्हाईच बघितला.”

“मग हे फोन तिच्याच मोबाईलवरून कसे आले?”

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. “कसं येतील? त्यातलं सिम तर मी...”

तो थांबला. पण व्हायचं ते झालं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

“बोला. सिम तर तुम्ही काय? काढून फेकलंत? सिम नाही ही गोष्ट ठाण्याबाहेर एकाही माणसाला माहीत नव्हती.” यामिनी पुढे झाली. “चांगला मोबाईल टाकवला नाही तुम्हाला. सिम नाही म्हणजे नुसती गाण्याची डबी, असं समजून कोपीत टांगून ठेवलात. सगळ्या बायका त्यावर गाणी ऐकत होत्या. ट्रकची गोष्ट तुमच्याशिवाय कुणी सांगितली नाही. या विहिरीचं पाणी बंद केलंत, तेही तुम्हीच.”

ढोकण्यांनी कोपीतून मोबाईल आणला. अमृतनं बघितला आणि मान हलवली.

मुकादमाला बेड्या पडल्या. तो बायकांकडे वळून ओरडला, “कुनी केला फोन? कोन हाय ती? जीब हासडून टाकीन!” त्याच्या भावांनीही एकेका बाईचं तोंड बघायला सुरुवात केली.

“मॅडम,” ढोकणे हळूच म्हणाले, “पण खरंच, फोन केला कुणी?”

यामिनीनं त्यांना बाजूला घेतलं. “नाव न सांगता चालतं का असं आधी विचारते आणि लगेच नाव सांगते. म्हणजे ते नाव तिचं नव्हतंच. पुष्पावती तर उठता-बसता मारुतीराया म्हणायची. ही बाई जीव मुठीत धरून फोन करते, पण मारुतीचं देऊळ असं तोंडातून काढत नाही. आज मी देऊळ विचारलं तरी शेंदरी कळस म्हणाली. जुन्या वळणाच्या बायका कुणाचं नाव घेत नाहीत, ढोकणे?”

“नवऱ्याचं,” ढोकणे म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “आणि मी म्हसोबाकडं पळालो!”

“आता हे तोंड मिटा. कायदाही तिचं नाव लपवू देतो. भावांच्या हातातले कोयते बघितलेत ना?”

पण मागे अमृत उठला होता.

“डाक्टर खोटं बोलत्यात!” तो ओरडला. “मी आवाज ऐकलाय. ती जित्ती हुती. मला वर काढा म्हनत हुती. तुमी भलत्या हिरीत हात घातला आन् माझी ताई हितं तडफडून मेली!”

“अमृत, ती फोन करत नव्हती रे.”

“मग कोन हुतं? सांगा की! सांगा!”

सांगावं तर एक बाई मरते. न सांगावं तर हा पोरगा जन्मभर त्या विहिरीतच राहणार. यामिनीला स्वतःचीच चीड आली.

अमृतनं कपाळ विहिरीच्या कठड्यावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार, तोच बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी पुढे आलं.

“फोन मी केल्ता, बाळा.”

इंदूचा पदर खाली घसरला होता. तिनं तो सावरला नाही.

“तुजी ताई पहिल्याच रातीला गेली. एका घावात. तिला पानी कळलं बी न्हाई. अंगाला हात लावला म्हनून सकाळी समद्यांम्होरं सांगनार हुती ती. मी बघितलं आन् गप बसले. मग त्या मोबाईलवर घरात गानी वाजाया लागली, आन् मला घास गिळंना. माजं नाव सांगायची छाती न्हवती, म्हनून तिचं सांगितलं.”

“कुनी मारलं?” अमृतनं विचारलं.

इंदूनं नवऱ्याकडे सरळ पाहिलं. “मारुतीनं,” ती म्हणाली.

बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकून मुकादम वेड्यासारखा बघत राहिला. यामिनी इंदूजवळ गेली. “इंदूबाई, नाव सांगायची तुम्हाला गरज नव्हती हो.”

“ह्याला गरज हुती,” इंदू अमृतकडे बघून म्हणाली.

मुकादमाचा धाकटा भाऊ कोयता घेऊन पुढे सरकला. ढोकणे धावले, पण त्यांच्याआधी अमृत पोचला. त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं. तो दोन्ही हात पसरून इंदूच्या पुढ्यात उभा राहिला.

“आक्का, माज्या मागं उभ्या ऱ्हावा,” तो म्हणाला.