लाल टोपीचे खोटे हातवारे

पहिल्या भेटीतच ज्यूड फॉन्टेनोने मला आडवं केलं.

ऑगस्टचा उकाडा, सरावाची वेळ, आणि मी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी. वरून तो लांबट चेंडू आला, त्याच्यामागे मान वर करून धावत ज्यूड आला, आणि क्षणात मी, तो आणि सगळ्या बाटल्या गवतात. चेंडू मात्र त्याच्या छातीशी घट्ट.

"लागलं का गं?"

"माणसं दिसत नाहीत का तुला?"

"चेंडू हवेत असला ना... की नाही दिसत." तो ओशाळून हसला. "आता दिसतेयस."

मी कॉलेट. कॉलेजच्या फुटबॉल संघाचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचं, सामान सांभाळणाऱ्या मुलामुलींपैकी एक. खेळाडूंच्या नादी लागायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं!

ज्यूड रिसीव्हर होता, म्हणजे जीव खाऊन धावायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. पण बाकीच्यांसारखा तो शिष्यवृत्तीवर आलेला नव्हता. चाचणी देऊन, घरच्यांच्या पदरमोडीवर तो संघात घुसला होता आणि आजवर त्याने फक्त बाक गरम केला होता. या मोसमात अखेर त्याला मैदान मिळालं. मोसम संपताना एक शिष्यवृत्ती मोकळी होणार होती. ती मिळाली तर शेवटचं वर्ष खेळायला मिळेल, नाहीतर कॉलेज सोडून घरी, मामाच्या कोळंबीच्या बोटीवर.

म्हणून सराव संपला तरी तो चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभा राहायचा. यंत्रात चेंडू घालायला मी.

"जरा हळू की गं!"

"तक्रार यंत्राकडे कर."

"यंत्र मला बघून गालातल्या गालात हसत नाही."

"मी कुठे हसतेय—"

"मग हे काय आहे?"

तेवढ्यात चेंडू त्याच्या पोटात बसला. मग मात्र मी खरंच हसले. नंतर आम्ही पेट्रोलपंपावर जाऊन भात भरलेलं गरमगरम बूदां सॉसेज अर्धं अर्धं खायचो. मोठं अर्धं तो माझ्याकडे सरकवायचा, आणि मी न बघितल्यासारखं करून ते खायचे.

सप्टेंबरात कोच ब्रुसार्ड मला म्हणाले, "पोरी, तुझे हात भराभर चालतात. तू हातवारे कर."

सामन्यात असा कल्लोळ असतो की कोचचा आवाज कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून रेषेवर तिघं जण वेगवेगळ्या रंगाच्या टोप्या घालून हातवारे करतात. तिघांपैकी एकाचेच खरे, बाकीचे समोरच्या संघाला चकवायला. कोणती टोपी खरी, ते आमच्या पोरांना सामन्याआधी सांगतात. माझी टोपी लाल, आणि ती कायम खोटी. पांढरी टोपी घालणाऱ्या बेनकडे सगळे बघायचे आणि मी आपली एकटीच मन लावून खोटं बोलत उभी.

मोसमाच्या शेवटून दुसऱ्या सामन्यात गडबड झाली. जिंकायला थोडंच हवं होतं. बेनने कोपर आपटलं, म्हणजे थांबून आत वळ. मी दोन्ही हात डोक्यावरून पुढे फेकले, म्हणजे सरळ लांब पळ. ज्यूड सरळ लांब पळाला! चेंडू गेला रिकाम्या जागी, तिथे समोरच्या पोराने तो अलगद उचलला, आणि आम्ही हरलो.

"फॉन्टेनो, आज खरी टोपी कोणती होती?" कोच गरजले.

"पांढरी, कोच."

"मग तू कोणती बघितलीस?"

कोचनी त्याला बाकावर बसवलं. शिष्यवृत्तीचं नाव काढायचीही सोय उरली नाही.

गाड्या लावायच्या मैदानात मी त्याला गाठलं. सगळीकडे सामन्याला आलेल्यांची गंबो रश्श्याची पातेली रटरटत होती, बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि माझं डोकं भडकलं होतं.

"अरे गाढवा, मी खोटी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"मलाही ठाऊक आहे."

"मग?"

त्याने बुटाने चिखल उकरला. "मैदानात उतरलो की आधी तुला शोधतो, कॉलेट. सवयच लागलीय. आज तुला बघितलं आणि... बाकीच्या टोप्या दिसल्याच नाहीत. आवडतेस तू मला. झालं, बोललो."

मला खूप राग आला होता, आणि त्याहून जास्त आनंद झाला होता. मी तशीच वळले आणि तडक कोचच्या खोलीत गेले.

"कोच, ज्यूडची चूक माझ्यामुळे झाली. तो माझ्याकडे बघत होता."

कोचनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे उद्यापासून तुला काढायचं."

"नको ना! पुढच्या शनिवारचा संघ आजच्या सामन्याची चित्रफीत बघणारच. ज्यूड लाल टोपीकडे बघतो आणि तसाच पळतो, हे त्यांना कळणार. मग बघू दे की त्याला माझ्याकडे. फक्त त्याने माझं ऐकायचं नाही!"

कोचच्या मिशा हलल्या. "एकदाच. पुन्हा चुकला तर बोटीवर."

शनिवारी, शेवटच्या मिनिटाला, कोचनी ज्यूडला आत पाठवलं. त्याने बेनकडे ओझरतं बघितलं आणि मग माझ्याकडे... असा बघत राहिला की माझे कान तापले. मी जीव तोडून हात पुढे फेकले. पळ, सरळ पळ!

"लांब! लांब जातोय!" समोरचा पोरगा ओरडला आणि मागे धावत सुटला.

ज्यूड चार पावलं पळाला, थांबला आणि आत वळला. चेंडू त्याच्या हातात विसावला. आसपास चिटपाखरू नव्हतं. तो शेवटच्या रेषेपार गेला, आम्ही जिंकलो, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी माझं ऐकलं नाही म्हणून मी उड्या मारल्या.

आमच्याकडे शिष्यवृत्ती सगळ्यांसमोर जाहीर करतात, खेळाडूंच्या खोलीत. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. आतून कोचचा आवाज आला. मग असा गोंधळ उसळला की भिंत हादरली. "ज्यूड! ज्यूड!"

तो बाहेर आला तेव्हा पोरांनी ओतलेल्या पाण्याने निथळत होता, शर्ट फाटलेला, डोळे लाल.

"मिळाली," तो म्हणाला.

"भिंतीतून ऐकलं."

"आणखी एक वर्ष छळणार तुला." मग एकदम हळू आवाजात, "त्या दिवशी मी बोललो... तू काहीच बोलली नाहीस."

नेमकं काय करावं ते न सुचून मी हात हलवायला लागले. त्याने ते धरले.

"हातवारे नकोत. तोंडाने सांग."

"आवडतोस," मी म्हणाले. "खूप. कधीपासूनच."

"हे खरं की खोटं?"

संघातली पोरं दाराशी गोळा झाली होती, त्यांच्यामागे कोच. मी त्या फाटक्या शर्टाला धरून त्याला सगळ्यांदेखत जवळ ओढलं.